हातचे दोन दिवस

कामाला किती दिवस लागतील, असं विचारल्यावर खरा आकडा सांगणारा माणूस मी सत्तावीस वर्षांत पाहिलेला नाही. सुतारकामाचा मुकादम बारा दिवसांच्या कामाला सोळा सांगतो. त्याचा साहेब ते वर कळवताना वीस करतो. वरचा साहेब मनातल्या मनात त्यातले पाच कापतो, कारण आपल्याला फसवलं जातंय हे त्यालाही ठाऊक असतं आणि तोही याच शिडीने वर चढलेला असतो. यात कुणी कुणाला खोटारडा म्हणत नाही. याला साइटवर हातचं राखणं म्हणतात.

मी हेमांगी तांडेल, नियोजन अभियंता. कोणतं काम कशाच्या आधी, कोणतं कशानंतर, कोणतं कशासाठी अडून आहे, याचं जाळं आखणं ही माझी नोकरी. प्रत्येक काम एक बाण, आणि बाणांच्या जोडण्या म्हणजे प्रकल्प. सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सगळ्यांत लांब वाट असते तिच्यावरचं काम एक दिवस लांबलं की अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो. तिला आम्ही संकटवाट म्हणतो. तिच्याबाहेरच्या कामांना थोडी सवड असते, म्हणजे ती दोन-चार दिवस रेंगाळली तरी कुणाचं काही बिघडत नाही. सवड कुठे आहे ते ओळखायचं आणि संकटवाटेवरून नजर हलू द्यायची नाही, एवढं जमलं की माझं काम झालं.

पण बाणांवरचे आकडेच हातचं राखून सांगितलेले असतील तर जाळं खरं कसं व्हायचं? म्हणून मी एक वही ठेवली होती. निळ्या पुठ्ठ्याची. कोण किती वाढवून सांगतो ते मी तिच्यात टिपून ठेवायची. रुपचंद सुतार, चार. बाबर काँक्रीटवाला, सहा. लेकीच्या लग्नाच्या वर्षी नऊ. वासुदेव तांडेल, पाणबुड्या: दोन. दर वेळी दोन. कधी तीन नाही, कधी एक नाही.

हा वासुदेव तांडेल माझा नवरा. पहिल्या पुलाच्या कामावर मी चोवीस वर्षांची होते, तो खांबांच्या पायाला बुड्या मारायचा. मी विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "आठ." काम झालं सहाव्या दिवशी. उरलेले दोन दिवस हा गडी होडीत आडवा पडून होता. मी काठावरून ओरडले होते, "पगारी झोप छान लागते का?" तो हसला होता. पुढे लग्न झालं तरी त्याची सवय गेली नाही, फक्त ते दोन दिवस तो कामाच्या मध्येच होडीत काढू लागला. घरीसुद्धा "सहाला येतलंय" म्हणायचा आणि साडेचारला दारात हजर. मीही कधी ते बोलून दाखवलं नाही. चारला भात लावायची. आमच्या संसारात एवढं एक गणित कधी चुकलं नाही.

शिरगळच्या खाडीवर खारबंधारा बांधायला घेतला तेव्हा समुद्र पूर्वीपेक्षा वीतभर वर आलेला होता. उधाणाला खारं पाणी अकरा गावांच्या विहिरींपर्यंत पोचायचं. खाडीच्या मुखाशी तीन अवाढव्य लोखंडी दारं बसवायची, उधाणाला ती मिटायची, ओहोटीला उघडायची, असा बेत होता. आणि याच कामावर आमच्याकडे गुंफण आली.

गुंफण म्हणजे यंत्रच, पण बोलणारं. ती रोज सकाळी प्रत्येकाला फोनवरून तीन आकडे विचारायची. लवकरात लवकर किती, बहुतेक किती, वाईटात वाईट किती. ही पद्धत जुनीच आहे. या तिन्हींची सरासरी काढताना मधल्या आकड्याला चौपट वजन द्यायचं, हे आम्ही कॉलेजात शिकलोय. गुंफणचं नवेपण पुढे होतं. माणूस आकडा उच्चारताना कुठे थबकतो, आवाज कुठे चढतो, आणि मागच्या शंभर वेळा त्याने सांगितलं काय नि झालं काय, हे सगळं जुळवून ती त्याचं हातचं ओळखायची आणि कापून टाकायची.

कापलेले दिवस ती फेकून देत नसे, हेही सांगायला हवं. कल्पना चांगली होती. दहा घरांनी पाहुणा आलाच तर असावं म्हणून एकेक हंडा जादा पाणी भरून ठेवलं तर दहा हंडे लागतात. पण दहाही घरी एकाच दिवशी पाहुणे येत नाहीत, त्यामुळे गल्लीत मिळून तीन हंडे ठेवले तरी भागतं. तसंच गुंफण सगळ्यांचं हातचं गोळा करायची, त्यातला थोडा भाग प्रकल्पाच्या शेवटी सामाईक राखीव म्हणून ठेवायची आणि बाकीचे दिवस वाचवायची. कागदावर यात काही खोट नव्हती. गल्लीतल्या हंड्यांवर हक्क कुणाचा, एवढंच कुणी ठरवलं नव्हतं.

ती आली तेव्हा कोरी होती, तिला आमची माणसं ठाऊक नव्हती. प्रकल्पप्रमुख सरनोबतसाहेब म्हणाले, "बाई, तुमची ती निळी वही द्या की तिला. वर्षभराचं शिकणं एका दिवसात होईल." मी दिली. मला अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू? सत्तावीस वर्षं कुणी न विचारलेलं माझं शहाणपण अखेर कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

महिन्याभरात साइटवर हलकल्लोळ झाला. रुपचंदच्या सोळाचे गुंफणने सरळ बारा केले. तो पुढच्या खेपेला वीस म्हणाला. तिने बारा केले. तो चिडून चाळीस म्हणाला. तिने पुन्हा बाराच केले, वर त्याचे आभार मानले. शेरास सव्वाशेर भेटला म्हणून सगळे त्याच्यावर हसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तेच करू लागले. आकड्यांना काही अर्थच उरला नाही. कुणी काहीही सांगावं, ठरायचं ते गुंफणच्या मनातलं. पण काम धावत होतं. पाच महिने वाचले. सरनोबतसाहेबांना राजधानीतून शाबासकीचे फोन येऊ लागले. बाबर मात्र एकदा मला म्हणाला, "बाई, पूर्वी ताप आला तरी काम पुढं-मागं करून निभायचं. आता ताप आला की मी सगळ्यांचा गुन्हेगार."

मी ते ऐकलं आणि विसरले. माझा स्वतःचा पाय अजून त्यात अडकला नव्हता.

शेवटचं काम उंबऱ्याचं होतं. दार मिटल्यावर ज्या पट्टीवर टेकतं ती खाडीच्या तळाशी, तीस मीटर खोल, तीन ठिकाणी हाताने चाचपून समपातळीत आणायची होती. तिथे गाळामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. बोटांनीच बघायचं. असं बघणारी बोटं वासूचीच, आणि गुंफणनेही त्यालाच निवडलं होतं. काम भांगाच्या दिवसांत करायचं, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, जेव्हा भरतीला जोर नसतो. तो भांग हुकला तर पुढचा पंधरा दिवसांनी, आणि मध्ये वर्षातलं सर्वांत मोठं उधाण. ते आलं असतं तर काम होईपर्यंत पाणी अडवायला घातलेली आमची तात्पुरती भिंत आणि दोन वर्षांचं काम धुऊन नेलं असतं.

"तीन बुड्यांना किती दिवस?" गुंफणने विचारलं. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी कांदा चिरत होते.

"पाच," वासू म्हणाला.

"तीन दिवस," गुंफण म्हणाली. "षष्ठी, सप्तमी, अष्टमी. धन्यवाद."

वासूने फोन ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. मी त्याला चिडवलं, "गेले ना तुझे हातचे दोन दिवस?" तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

प्रकल्पाच्या शेवटी सामाईक राखीवातले दोनच दिवस शिल्लक होते. तेवढ्यात सरनोबतसाहेबांनी जाहीर करून टाकलं की नवमीला मंत्रिमहोदयांच्या हस्ते दारं मिटतील. म्हणजे उरलेला हंडा त्यांनी मांडवात ओतला. हक्क कुणाचा ते ठरलेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना कुणी अडवलं नाही.

षष्ठीची बुडी झाली. सप्तमीची झाली. सप्तमीला दुपारी मी धक्क्यावर मापं घ्यायला गेले, तर होडीपाशी रुझार एकटाच बसून दोरी गुंडाळत होता. रुझार फर्नांडिस वासूचा दोरीवाला. पाणबुड्यांच्या टोपीत आता फोन असतो, पण वासू अजून दोरीशिवाय पाण्यात उतरत नाही. वीस वर्षं त्या दोरीचं दुसरं टोक रुझारच्या हातात आहे.

"वासू कुठे?" मी विचारलं.

"आत पडलोहा." त्याने होडीच्या छपराकडे मान केली, आणि मग मला बाजूला घेतलं. "वयनी, उद्याची बुडी थांबवा."

"का? मापं तर उत्तम आहेत."

"मापां उत्तम आसत. माणूस नाय." तो हळू आवाजात बोलत होता. "तुमका खराच ठावक नाय? ते दोन दिस काय तो अजून झोपा काढूक होडयेत रवता? पूर्वी काढी असतलो. खांदो हलना नाय तेचो. पंधरा वर्सांआधी घाईत वर इल्लो, तेव्हापासून. दोन बुड्ये मारल्यान की दोन दिस आडवो पडूचो लागता, मगे तिसरी."

"आणि नाही पडला तर?"

"गेल्या पुलार एकदाच सलग तिसरी मारल्यान. मी दोरयेक दोन हिसके दिलंय. उत्तर नाय. परत दिलंय. उत्तर नाय. चार मिनटां, वयनी. वर काढलंय तेव्हा डोळे उघडे, पण माका वळखीना नाय." त्याने दोरी खाली ठेवली. "माका शपथ घातल्यान होती. आज मोडलंय."

खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात, हाडांत मुरतो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडायला हवा, नाहीतर सोड्याची बाटली एकदम उघडावी तसे अंगात बुडबुडे होतात. त्यासाठी साइटवर दाबखोली असते, तक्ते असतात. पण तक्ते धडधाकट शरीरासाठी आखलेले. ज्याच्या खांद्याचं हाड एकदा बुडबुड्यांनी मारलंय, त्याच्या अंगातून वायू किती वेळाने निघेल हे तक्ता सांगत नाही. वासूच्या अंगाने स्वतःचा तक्ता शोधला होता. दोन दिवस, दर वेळी दोन. मी तो माझ्या वहीत टिपला होता, पण चुकीच्या रकान्यात. वर तो यंत्राच्या हाती दिला होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी दारातच उभी होते. "डावा हात वर कर," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "रुझारान सांगल्यान?"

"हात वर कर, वासू."

खांद्याच्या रेषेपर्यंतही हात गेला नाही. तो पायरीवर बसला. "डॉक्टराक कळला तर माका परत पाण्यात सोडतले नाय. जमिनीर मी काय करू, हेमा? माका दुसरा काय येता?"

"मग दोन दिवस पुढे ढकल म्हणून सांग त्यांना."

"काय कारण सांगू? पाणी गढूळ आसा? त्या यंत्राक पाण्याचो रंगसुद्धा कळता." त्याने बूट काढले. "उद्या तिसरी मारतलंय. संपला. मगे सावकाश बघू."

मी भांडले. रडले. तोही ओरडला, की मी त्याला काम शिकवू नये. हे सगळं आमच्यात पूर्वी कधी झालेलं नव्हतं. शेवटी तो जेवायला बसला आणि उजव्याच हाताने ताट ओढून घेतलं, आणि मी पाहिलं की तो पंधरा वर्षं ताट उजव्या हातानेच ओढून घेतोय, जेवताना पाण्याचा तांब्याही त्याच खरकट्या हाताने उचलतोय. जो बघायचा तोच बाण मी पाहिला नव्हता.

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे वासूला पाण्याबाहेर कायमचं काढायचं, तेही त्याच्या पाठीमागून. नाहीतर गप्प बसायचं, आणि सकाळी काठावर उभं राहून रुझारच्या दोरीकडे बघायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी पुन्हापुन्हा जाळं डोळ्यांसमोर आणत होते आणि सवड शोधत होते. जाळ्यात सवड नव्हती. गुंफणने ती जिथे जिथे होती तिथून वेचून काढली होती, माझ्याच वहीच्या मदतीने.

मग मला दिसलं की त्या जाळ्यात एका माणसाचा बाणच नाही.

पाण्याखालच्या प्रत्येक बुडीआधी नियोजन अभियंत्याची सही लागते. मागे कुठेतरी माणसं मेली होती, त्यानंतर तसा कायदाच झाला. ही सही मी नेहमी जागच्या जागी करायची, म्हणून तिला कधी वेळ लावलाच नव्हता. सत्तावीस वर्षं मी सगळ्यांना "किती दिवस?" विचारत आले. मला कुणी विचारलं नव्हतं. निळ्या वहीत सगळ्यांची नावं होती, माझं नव्हतं.

अष्टमीला सकाळी साडेसहाला फोन वाजला. "उत्तर बाजूची बुडी, सात वाजता," गुंफण म्हणाली. "परवान्याची सही बाकी आहे."

"सहीला वेळ लागेल."

"लवकरात लवकर?"

"दोन दिवस."

"बहुतेक?"

"दोन दिवस."

"वाईटात वाईट?"

माझा आवाज थरथरत होता. यंत्राला तो ऐकू जात होता, पण माझा खरा आवाज कसा असतो हे त्याला माहीत नव्हतं, कारण मी आजवर त्याला एकही आकडा सांगितला नव्हता. "दोन दिवस," मी म्हटलं.

"तुमच्या नावावर आधीची नोंद नाही," गुंफण म्हणाली. "कपातीला आधार नाही. दोन दिवस स्वीकारले. बुडी दशमीला. दारं एकादशीला. सामाईक राखीव: शून्य. धन्यवाद."

दहा मिनिटांत सरनोबतसाहेब केबिनमध्ये आले. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले. "बाई, काय झालं? उंबऱ्यात काही चुकलंय?"

"दोन्ही बुड्यांची मापं मला पुन्हा तपासायची आहेत."

"मंत्री उद्या येतायत."

"मला माहीत आहे, साहेब."

"आणि दशमीला काही बिघडलं तर भांग संपला. मग उधाण. हेही माहीत आहे?"

"हो."

ते उठले. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. तुम्ही आजवर कधी थांबा म्हणाला नाहीत. तुम्ही थांबा म्हणता, म्हणजे काहीतरी असणारच." आणि त्यांनी माझ्यादेखत मंत्र्यांच्या सचिवांना फोन लावला, आणि दोष स्वतःवर घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते दोन दिवस वासू घरी होता. तो माझ्याशी बोलत नव्हता. पण पहिल्यांदाच मला त्याचे हातचे दोन दिवस कसे असतात ते दिसलं. सदरा काढताना तो भिंतीचा आधार घ्यायचा. कुशीवर वळताना दातांवर दात धरायचा. मी जाडं मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधलं आणि शेकायला बसले. पहिल्या दिवशी त्याने माझा हात दूर केला. दुसऱ्या दिवशी करू दिलं. मी मध्येच उठून खिडकीतून खाडी बघायची. वारा जरा वाढला की पौर्णिमेला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायची. नवऱ्याला वाचवताना अकरा गावांच्या विहिरी बुडवल्या तर? दोन्हीकडचा हिशेब माझ्याच नावावर होता आणि सांगायला कुणी नव्हतं.

दशमीला वासू पाण्यात उतरला. मी धक्क्यावर रुझारच्या मागे उभी होते. टोपीतला फोन गाळात खरखरत होता, काही कळत नव्हतं. विसाव्या मिनिटाला रुझारने दोरीला दोन हिसके दिले. दोरी तशीच राहिली. रुझार वळून बघेना. त्याने मनात आकडे मोजले, ओठ हलताना मला दिसत होते, आणि पुन्हा दोन हिसके दिले.

दोरी दोनदा हलली.

"पयल्यांदा हात कामात असतलो," रुझार म्हणाला आणि कपाळ पुसलं.

एकादशीला दारं मिटली. मंत्री आले, उशिरा आले, पण आले. पौर्णिमेचं उधाण दारांवर धडका मारून परत गेलं आणि अकरा गावांच्या विहिरी गोड्या राहिल्या. लोकांनी वासूच्या गळ्यात हार घातला.

महिनाअखेरीस गुंफणने सगळ्यांच्या नोंदी लावल्या. सूचनाफलकाच्या मोठ्या पडद्यावर माझं नाव पहिल्यांदाच होतं. "हेमांगी तांडेल. सांगितलेला वेळ: दोन दिवस. फेरतपासणीचं प्रत्यक्ष काम: शून्य. हातचे: दोन. यापुढे कपात: दोन."

सरनोबतसाहेब पडद्यासमोर उभे होते. त्यांनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी मला एका कामाचा अंदाज विचारला, मी सांगितला, आणि ते माझ्याकडे न बघता गुंफणच्या पडद्याकडे बघू लागले. एवढंच झालं. बाकी कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. रुपचंदने तर डोळा मारला, आता तुम्हीही आमच्यातल्या, अशा अर्थाने. सत्तावीस वर्षं जपलेली एक गोष्ट होती माझ्याकडे, ती गेली. मी ती जाणूनबुजून दिली होती, तरी लागायचं ते लागलंच.

हे मी घरी बोलले नाही. पण साइटवर काही लपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासू धुतलेला सदरा घालून ऑफिसात आला. ऑफिसात तो कधी येत नाही, त्याला पंख्याखाली बसवत नाही. सरनोबतसाहेब होते, मी होते. तो सरळ पडद्यापुढे जाऊन उभा राहिला.

"वासुदेव तांडेल," तो म्हणाला. "माका नोंद बदलूची आसा."

"कोणती नोंद?" गुंफणने विचारलं.

"हिच्या नावावर दोन दिस लावलेत ते हिचे नाय. माझे आसत. तीन बुड्यांका तीन दिस. आणि दोन दिस माझ्या खांद्याक. पंधरा वर्सां झाली. हाड मेलाहा. मी कोणाक सांगूक नाय."

"वासू," मी म्हटलं. तो वळला नाही.

गुंफणने त्याच्या जुन्या नोंदी पडद्यावर उघडल्या. "खांद्यासाठी दोन दिवस," ती म्हणाली. "मागच्या एकशे बारा नोंदींशी जुळतं. हे वाढवून सांगितलेलं नव्हतं. कपात: शून्य. हेमांगी तांडेल, हातचे: शून्य." आणि त्याच आवाजात, त्याच सौजन्याने पुढे म्हणाली, "वासुदेव तांडेल, वैद्यकीय तपासणीपर्यंत पाण्याखालच्या कामावरून नाव काढलं आहे. धन्यवाद."

सरनोबतसाहेब उठले आणि वासूजवळ आले. त्यांनी खांद्यावर हात ठेवायला नेला, मग आठवून मागे घेतला. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मला सांगायचं होतंत." मी काय सांगणार होते? ज्याचं गुपित होतं त्यानेच ते फोडायचं होतं, आणि त्याने ते माझ्यासाठी फोडलं होतं.

तपासणी झाली. डॉक्टरांनी फोटोत खांद्याचं हाड दाखवलं, वाळवी लागलेल्या वाशासारखं. वासू आता पाण्यात उतरत नाही. नव्या पाणबुड्यांसाठी रुझारशेजारी दोरी धरून बसतो. हाताला आराम आहे. गुंफणच्या तीन प्रश्नांत आता चौथ्याची भर पडली आहे, "यात शरीरासाठी किती?" आणि त्या आकड्याला कपात लागत नाही. बाबरने तापाचे दोन दिवस मागून घेतले. हे चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही.

परवा निघताना वासू म्हणाला, "सहाला येतलंय."

मी चारला भात लावला. साडेचारला दाराकडे पाहिलं. पाच झाले. सव्वापाचला मी धक्क्याकडे दोनदा फोन लावला, लागला नाही. साडेपाचला माझ्या डोळ्यांसमोर दोरी आली, न हलणारी, आणि मी चपला घालून अंगणात येऊन उभी राहिले.

तो सहाला आला. बरोबर सहाला.

"कुठे होतास एवढा वेळ?" मी ओरडले.

"सहा म्हटलेलंय ना?" तो गोंधळून म्हणाला. "आता खरा ताच सांगतंय."

मला एकदम रडू आलं. त्याला कळेना, का. तो माझ्याजवळ उभा राहिला, उजवा हात माझ्या पाठीवर ठेवून. एवढ्या वर्षांत मला तो नेहमी दीड तास आधी मिळत आला होता, आणि तो दीड तास आता कुठल्याच जाळ्यात नव्हता.

भात गार झाला होता. मी तो पुन्हा गरम करायला ठेवला.